यू-१८० : नेताजींना उतरवून दिल्यावर त्या पाणबुडीचं काय झालं?

पाणकोंबडा

नेताजी जर्मनीहून जपानकडे पाणबुडीतून गेले, हे आपल्याकडे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. ९ फेब्रुवारी १९४३ ला कील सोडलं, बरोबर एकटे आबिद हसन, नॉर्वेच्या बाजूने वर जाऊन अटलांटिकमध्ये उतरायचं, आफ्रिकेच्या टोकाला वळसा, मादागास्करच्या आग्नेयेला जपानी आय-२९ शी गाठ. समुद्र खवळलेला, म्हणून थांबून राहणं, आणि २८ एप्रिलला रबरी होडीतून दोर धरून पलीकडच्या पाणबुडीवर. पुढे सबांग, टोकियो, सिंगापूर. गोष्ट नेताजींच्या मागोमाग निघून जाते. ज्या बोटीने त्यांना अडीच महिने वागवलं तिचं नाव यू-१८०, आणि तिचं पुढे काय झालं असं विचारलं की चांगले वाचणारेसुद्धा गप्प होतात.

मला जेवढं मिळालं ते असं. ब्रेमेनच्या आ. गे. वेझर गोदीत बांधलेली, मे १९४२ मध्ये नौदलात दाखल. प्रकार नऊ-डी-एक. या प्रकारच्या फक्त दोनच बोटी झाल्या, यू-१८० आणि यू-१९५. कमांडर वेर्नर मुझेनबेर्ग. नेताजींना सोडून ती ३ जुलै १९४३ ला फ्रान्सच्या बोर्दोला परतली. तिथे तिची तोफ-टॉर्पेडोवाली नोकरी संपली आणि तिला मालवाहू करून टाकलं. ऑगस्ट १९४४ मध्ये, दोस्त सैन्य बोर्दोच्या जवळ येत असताना, नवा कमांडर रोल्फ रीझेन तिला घेऊन अतिपूर्वेकडे निघाला. बिस्केच्या उपसागरात २३ ऑगस्टच्या सुमारास ती नाहीशी झाली. ५६ माणसं. एकही वाचला नाही.

जुन्या पुस्तकांत "सुरुंगावर आदळून बुडाली" असं सरळ लिहिलेलं असतं. अलीकडचे अभ्यासक म्हणतात की स्नॉर्केलमध्ये (पाण्याखालून हवा घ्यायच्या नळीत) बिघाड झाला असावा. इथे नौदलातले, गोदीतले लोक आहेत म्हणून विचारतो: तुम्हाला काय पटतं?

माझं मत विचाराल तर ही बोट मुळातच फसलेली होती. नेताजी तिच्यातून धड पोहोचले हेच नवल.

टवाळभाऊ

पाणबुडीवरचा धागा. वर काढायचा की खालीच राहू द्यायचा?

शेवगा

वाचनखूण साठवली. पुढच्या प्रतिसादांची वाट बघते.

गावठी_इंजिनिअर

"मुळातच फसलेली" हे खरं आहे, पण कारण सांगितलं नाहीत. मी सांगतो.

पाणबुडी म्हटली की लोकांना वाटतं ती सतत पाण्याखाली असते. त्या काळातल्या बोटी बहुतेक वेळ पाण्यावरूनच चालायच्या, डिझेलवर. खाली जायचं ते हल्ल्यासाठी किंवा जीव वाचवायला, तेव्हा बॅटरी. बॅटरी संपली की पुन्हा वर येऊन डिझेल लावून ती भरायची. म्हणजे पृष्ठभागावरचा वेग फार महत्त्वाचा.

जर्मनांना वाटलं, वेगवान टॉर्पेडो बोटींत जी हलकी डायम्लर-बेंझ इंजिनं चालतात तीच सहा एका मोठ्या पाणबुडीत बसवली तर? एकेक इंजिन वीस सिलिंडरचं, दीड हजार अश्वशक्तीचं. एकूण नऊ हजार. कागदावर वेग वीस नॉटच्या वर. आता ही इंजिनं कशासाठी होती? किनाऱ्यावरून सुसाट निघायचं, रात्री हल्ला करायचा, सकाळी परत गोदीत, मेकॅनिक हजर. त्यांना तुम्ही उष्ण कटिबंधातून तीन-चार महिने सलग चालवायला सांगताय. परिणाम: उष्णता, तेलाची गळती, आणि धूर. धूर हा पाणबुडीचा सगळ्यात मोठा शत्रू, कारण क्षितिजापलीकडूनही दिसतो. लपणं हाच जिचा धंदा तिनेच धूर सोडत जायचं!

बोर्दोला परतल्यावर ती सगळी सहा इंजिनं काढून दोन साधी, सावकाश चालणारी बसवली. टॉर्पेडोच्या नळ्याही काढल्या. अडीचशे टनांच्या आसपास माल राहील एवढी जागा झाली. बहीण यू-१९५ चंही तेच केलं. दोनच बोटी का झाल्या याचं उत्तर यात आलं. नऊ-डी-दोन प्रकार नेहमीच्या इंजिनांचा, तो चांगला चालला आणि त्याच्या बऱ्याच बोटी निघाल्या.

टवाळभाऊ

थोडक्यात रेसिंगच्या गाडीचं इंजिन एसटीला लावलं.

गावठी_इंजिनिअर

@टवाळभाऊ, आणि घाटात.

शेवगा

धुराचं आणि तेलाचं वाचून आबिद हसनच्या आठवणी डोळ्यासमोर आल्या. त्यांनी सांगितलंय की आत पाऊल टाकलं तेच डिझेलच्या वासात. पांघरुणाला तो वास, पाव तर जणू डिझेलमध्ये बुडवलेला. वावरायला जागा नाही. त्यात जेवण म्हणजे मांस आणि पाव. हसनना कोठारात शोधता शोधता तांदूळ आणि डाळ सापडली, मग ते नेताजींना खिचडी करून घालू लागले. तर नेताजी जर्मन अधिकाऱ्यांनाही बोलावून वाढायचे! हसन बिचारे हिशेब करतायत की असं चाललं तर साठा कधी संपेल.

आणि काम चालूच. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं लेखन, हसनना मजकूर सांगणं. जपानच्या पंतप्रधानाशी, तोजोशी, बोलणी कशी करायची याची तालीम, त्यात तोजो व्हायचं हसननी. एकदा हल्ल्याच्या वेळी बोट संकटात सापडली, सगळ्यांचे चेहरे उतरले, हसनच्या हातातलं लिहिणं थांबलं. तर नेताजी म्हणाले की मी दोनदा सांगितलं आणि तुम्ही अजून उतरवून घेतलं नाहीत.

खादाडखाऊ

जर्मन खलाशांना खिचडी आवडली का, हे कुणी लिहिलंय का? माझा अभ्यास तेवढ्यापुरताच आहे.

शेवगा

@खादाडखाऊ, खिचडीवरून आठवलं: पलीकडच्या जपानी बोटीवर थाट वेगळाच होता. त्यांच्या स्वयंपाक्याने निघण्यापूर्वी पेनांगच्या बाजारातून हिंदुस्थानी मसाले आणून ठेवले होते. २९ एप्रिल म्हणजे सम्राटाचा वाढदिवस. त्या दिवशी पाहुण्यांना झणझणीत कढी-रस्सा. इतक्या आठवड्यांनी तिखट!

निळा_शाईवाला

धागाकर्त्याने एक गोष्ट वगळली. नेताजी पलीकडे गेले तेव्हा पलीकडून अलीकडे काय आलं? दोन जपानी नौदल अधिकारी, एमी आणि तोमोनागा, आणि सुमारे दोन टन सोनं, बर्लिनमधल्या जपानी वकिलातीसाठी. शिवाय किनीन, टॉर्पेडो वगैरे. जर्मनांना अतिपूर्वेकडचा कच्चा माल हवा होता, जपान्यांना तंत्र. ब्रिटिशांनी समुद्रावरचा रस्ता बंद केल्यामुळे ही देवघेव पाण्याखालून. नेताजींचा प्रवास त्या मालवाहतुकीच्या खटाटोपातलाच एक भाग होता. आपण त्याला मध्यभागी ठेवतो कारण तो आपला माणूस. जर्मन नोंदवहीत सोन्याची ओळही तितकीच महत्त्वाची असणार.

यातल्या तोमोनागाची गोष्ट वेगळी लिहावी अशी. हिदेओ तोमोनागा पाणबुड्यांचा अभियंता, बोट ठरलेल्या खोलीवर आपोआप स्थिर ठेवायची यंत्रणा त्याने काढली होती. यू-१८० मधून जर्मनीला गेला. परतीला त्याला यू-२३४ मिळाली, १९४५ च्या वसंतात. वाटेतच जर्मनीने शरणागती पत्करली, कमांडर फेलरने अमेरिकेला शरण जायचं ठरवलं. तोमोनागा आणि शोजी या दोघा जपान्यांनी कैद नको म्हणून झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला, जर्मन खलाशांनी त्यांना समुद्रातच दफन केलं. त्या बोटीवर ५६० किलो युरेनियम ऑक्साइड निघालं.

म्हणजे २८ एप्रिलच्या त्या होडीने एका बाजूला नेताजी गेले, दुसऱ्या बाजूला हा आला.

दर्यावर्दी_वेंगुर्ला

सगळं छान चाललंय. आता थोडं पाण्याच्या बाजूनेही बोलूया.

नेताजी आत असतानाच, १८ एप्रिल १९४३ ला, यू-१८० ने दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर कॉर्बिस नावाची ब्रिटिश तेलवाहू बोट बुडवली. ८,१३२ टनी. तिच्यावरचे थोडकेच वाचले. परतीच्या वाटेवर ३ जूनला बोरिस ही ग्रीक मालवाहू. एवढीच तिची युद्धातली कमाई, दोन जहाजं. जर्मनांच्या हिशेबाने अगदीच किरकोळ, त्या जहाजांवरच्या माणसांच्या हिशेबाने नाही.

माझे आजोबा लढाईच्या काळात ब्रिटिश मालवाहू बोटींवर होते. आगवाले. खाली बॉयलरपाशी कोळसा मारायचा. टॉर्पेडो लागला तर वरची माणसं होडीपर्यंत पोचतात, खालची पोचत नाहीत. घरात कुणी पाणबुडीचं नाव काढलं की आजोबा एवढंच म्हणायचे, "तेचां नाव काढू नको रे, रात्री झोप येयत नाय." रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, गोवा इथून शेकड्यांनी माणसं त्या बोटींवर गेली होती. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे, दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सहा हजारांवर नाविकांचं आणि खलाशांचं. जाऊन बघा.

आता खरा मुद्दा. आय-२९, जिच्यावर नेताजी चढले, तिने त्याआधी पाच महिने काय केलं होतं ठाऊक आहे? २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून तिलावा नावाची प्रवासी बोट आफ्रिकेकडे निघाली. ७३२ प्रवासी, बहुतेक हिंदुस्थानी, व्यापारी, बायकामुलं. २३ तारखेला पहाटे आय-२९ ने तिला टॉर्पेडो मारला. होड्या उतरवल्या, काही वेळाने दुसरा टॉर्पेडो. २८० माणसं गेली. वाचलेल्यांना बर्मिंगहॅम या ब्रिटिश क्रूझरने २७ ला मुंबईला परत आणलं. कमांडर इझू. एप्रिलमध्ये नेताजींचं स्वागत करणारी तीच बोट, तोच कमांडर.

नेताजींना हे त्या वेळी ठाऊक असायचं कारण दिसत नाही. पण आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही.

प्रसन्ना_सातारकर

बापरे. तिलावा हे नावच ऐकलं नव्हतं.

भगवा_वादळ

आलेच का शेवटी मूळ पदावर! नेताजींचं नाव आलं की काहीतरी खुसपट काढायचंच. त्यांनी जीव धोक्यात घालून तीन महिने पाण्याखाली काढले ते तुमच्या-माझ्यासाठी. ब्रिटिशांची तेलवाहू बुडाली तर आपण का रडायचं? शत्रूचीच होती ना?

दर्यावर्दी_वेंगुर्ला

@भगवा_वादळ, शत्रूच्या बोटीवर माझा आजा होता. सांगा, मी कुणाच्या बाजूने रडू?

केसरबाई

भगवा_वादळ, नेताजींच्या हिमतीबद्दल इथे कुणी एक शब्द वाईट लिहिलेला नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, त्यांनी थोरले भाऊ शरदबाबूंना बंगालीत पत्र लिहून ठेवलं. आपण लग्न केलंय, मुलगी आहे, माझ्यामागे त्यांच्याकडे बघा. मुलगी तेव्हा अडीच महिन्यांची. एवढं मागे टाकून माणूस त्या डिझेलच्या डब्यात शिरतो, त्याला कमी कोण लेखेल? पण त्यांच्या मोठेपणाला आधार म्हणून पाणबुड्यांना देवाचा रथ करायची गरज नाही. त्या मारायला बांधलेल्या बोटी होत्या.

भगवा_वादळ

रथ कोण म्हणालं? उगाच माझ्या तोंडी घालू नका. बाकी ते पत्राचं ठाऊक होतं.

संपादक

नेताजी विरुद्ध इतर असा सामना इथे नको. मूळ प्रश्न यू-१८० च्या शेवटाचा आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

टवाळभाऊ

त्यातला एक माझा होता आणि तो खिचडीबद्दल होता. अन्याय.

माझगावकर

उशिरा बघितला धागा. माझगाव डॉकमध्ये आयुष्य गेलं. आपल्या शिशुमार वर्गाच्या पाणबुड्या जर्मन आराखड्याच्या. पहिल्या दोन, शिशुमार आणि शंकुश, कीललाच बांधल्या, म्हणजे नेताजी निघाले त्याच बंदरात. पुढच्या शाल्की आणि शंकुल आम्ही इथे मुंबईत बांधल्या. शाल्की १९९२ मध्ये नौदलात गेली. तेव्हा स्नॉर्केल काय प्रकरण असतं ते थोडंफार हाताने ठाऊक आहे.

स्नॉर्केल म्हणजे वर काढलेली हवेची नळी. बोट पेरिस्कोपच्या खोलीवर, नळीचं डोकं फक्त पाण्याबाहेर, त्यातून हवा आत, डिझेल चालू, बॅटरी भरते. विमानाला बोट दिसत नाही. डोक्यावर झडप असते, लाट आली की ती बंद होते, नाहीतर पाणी आत. आता विचार करा: झडप बंद झाली पण डिझेल चालूच आहे. त्याला हवा लागतेच. मग ते बोटीच्या आतली हवा ओढायला लागतं. क्षणात आतला दाब उतरतो, कानात कळ येते. लाट गेली, झडप उघडली, दाब परत चढला. असं तासन् तास. आजच्या बोटीत दाब ठरावीक पातळीखाली गेला की डिझेल आपोआप बंद पडतं. १९४४ ची स्नॉर्केलं घाईत बसवलेली आणि खलाशी त्यावर शिकाऊ.

त्यातून धोके दोन. एक, जळलेला धूर बाहेर जायच्याऐवजी उलटा आत आला तर कार्बन मोनॉक्साइड, वास नाही, रंग नाही, माणसं जागच्या जागी आडवी. दोन, झडप अडकून उघडी राहिली आणि खोली सांभाळणाऱ्याचा अंदाज चुकला तर नळीतून पाण्याचा लोंढा थेट इंजिनघरात. मागचा भाग जड, बोट शेपटीवर खाली. तिथून सावरायला फार थोडा वेळ मिळतो.

आणि यू-१८० तर मालाने भरलेली, नवीन इंजिनं, नवा कमांडर, नवं स्नॉर्केल, बाहेर दिवसरात्र दोस्तांची विमानं. म्हणजे वर यायची सोय नाही. मला विचाराल तर मी स्नॉर्केललाच मत देईन.

गावठी_इंजिनिअर

माझगावकर, दंडवत. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो.

तरी सुरुंगवाल्यांची बाजू मांडतो, नाहीतर कौल एकतर्फी होईल. बोर्दो समुद्रावर नाही. जिरोंद नदीच्या लांबलचक खाडीतून खाली यावं लागतं आणि त्या खाडीच्या तोंडाशी ब्रिटिश विमानं सतत सुरुंग टाकत होती. जर्मनांचे सुरुंग काढणारे पुढे, पाणबुडी मागे, अशी वरात काढत बोटी बाहेर न्याव्या लागायच्या. ऑगस्ट १९४४ मध्ये तर सगळाच गोंधळ, गोदी रिकामी करायची घाई. अशा वेळी एखादा सुरुंग राहिलेला असणं अगदी शक्य.

माझगावकर

शक्य आहे, नाही कोण म्हणतो? पण सुरुंग पेरतात उथळ पाण्यात, वाटेच्या तोंडाशी. तिथे बोट फुटली तर बरोबरच्या बोटींना दिसतं, ऐकू येतं, तेलाचा तवंग येतो, एखादं प्रेत किनाऱ्याला लागतं. ही गायब झाली ती बाहेर उपसागरात गेल्यावर, असंच नव्या अभ्यासकांचं म्हणणं दिसतं. खोल पाण्यात सुरुंग कुठून येणार? युद्धानंतर नोंदी पुऱ्या करायला बसलेल्या माणसाने "बोर्दोच्या पश्चिमेला, बहुधा सुरुंग" असं लिहून फाईल बंद केली असेल. गोदीत अशा फाईली मीही बघितल्यात.

निळा_शाईवाला

त्याच आठवड्यात बोर्दोहून निघालेली बहीण यू-१९५ मात्र पोचली, हे इथे सांगायला हवं. तेच मालवाहू रूप, तसलंच स्नॉर्केल, तोच उपसागर. ती वर्षअखेरीला जाव्हाला लागली. मे १९४५ मध्ये जर्मनी हरल्यावर जपान्यांनी तिला ताब्यात घेऊन आय-५०६ असं नाव दिलं, आणि ऑगस्टमध्ये सुराबायाला ती दुसऱ्यांदा हरलेल्या बाजूला उभी राहिली. दोन सारख्या बोटी, एक तीन दिवसांत संपली, दुसरी दोन झेंड्यांखाली जगली. यातून स्नॉर्केल की सुरुंग ते ठरत नाही, पण बोट सदोष म्हणूनच बुडाली असंही छातीठोक म्हणता येत नाही.

आणि आय-२९ चं काय झालं तेही लिहून टाकतो. ती १९४४ मध्ये फ्रान्सला जाऊन जर्मन रॉकेट-विमानांचे आराखडे घेऊन परतत होती. सिंगापूरपर्यंत पोचली. अमेरिकनांनी जपानी संदेश फोडलेले होते, ती कधी, कुठून जाणार सगळं माहीत. २६ जुलै १९४४ ला फिलिपाइन्सच्या उत्तरेला सॉफिश या अमेरिकन पाणबुडीने तिला टिपलं. म्हणजे नेताजींना नेणाऱ्या दोन्ही बोटी एका महिन्याच्या अंतराने गेल्या. तिलावाचा हिशेब कुणाला लावायचा तर तिथे लावा.

दर्यावर्दी_वेंगुर्ला

हिशेब कसला. तिथेही खाली इंजिनात माणसंच होती.

फोंडेकर

अवांतर होईल, पण याच प्रवासाच्या काळात आमच्या मुरगावलाही नाट्य झालं होतं. गोवा पोर्तुगीज, म्हणजे तटस्थ, म्हणून एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स या जर्मन बोटी आणि आन्फोरा ही इटालियन बोट युद्ध लागल्यापासून तिथे अडकून पडलेल्या. ब्रिटिशांना वाटत होतं की एरेनफेल्सवरून जर्मन पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात. तर कलकत्त्याचे पोट सुटलेले, पन्नाशीकडे झुकलेले हौशी घोडेस्वार एका गाळ काढायच्या बोटीत बसून आले आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री एरेनफेल्सवर चढले. जर्मनांनी बोटी आपल्याच हाताने पेटवून बुडवल्या. नेताजी तेव्हा अटलांटिकमध्ये कुठेतरी खिचडी खात असणार.

टवाळभाऊ

घोडेस्वारांनी जहाज जिंकलं. आता यावर एक धागा पाहिजे.

प्रसन्ना_सातारकर

जर्मन पाणबुड्या खरंच मुंबईपर्यंत आल्या होत्या का हो?

फोंडेकर

@प्रसन्ना_सातारकर, १९४३ च्या पावसाळ्यानंतर आल्या. मोसमी वाऱ्यांवरूनच 'मॉन्सून' असं त्या ताफ्याचं नाव, तळ पेनांगला. ऑक्टोबर १९४३ मध्ये यू-१६८ ने मुंबईच्या पश्चिमेला हायचिंग नावाची छोटी ब्रिटिश बोट बुडवली. यू-१६८ चाही शेवट जाव्हाजवळ, डच पाणबुडीच्या टॉर्पेडोने. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाला तेव्हा निम्म्या मुंबईला वाटलं की आता जपानीच आले. तो मात्र फोर्ट स्टिकीन या जहाजावरचा कापूस आणि दारूगोळा होता.

केसरबाई

बोर्दोवरून एक गोष्ट राहून गेली. नेताजींनी जर्मनीत हिंदी युद्धकैद्यांमधून जी पलटण उभी केली होती, तिला मागे ठेवून ते निघाले. त्या पलटणीला पुढे बोर्दोजवळ लाकानो इथे अटलांटिकच्या किनाऱ्यावर तटबंदी राखायला बसवलं होतं. १५ ऑगस्ट १९४४ ला तिथून तिची माघार सुरू झाली. आणि त्यानंतर आठवडाभरात त्याच भागातून यू-१८० निघाली. नेताजींनी मागे ठेवलेली माणसं आणि त्यांना नेणारी बोट, दोन्ही एकाच कोपऱ्यात, एकाच पंधरवड्यात पळ काढतायत. माणसांना या बोटीची ओळख होती का, हे मला फार वाटून गेलं. असायची शक्यता कमीच, प्रवास गुप्त होता.

पाणकोंबडा

केसरबाई, हे अजिबात लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद. तारखा परत जुळवून बघितल्या, बसतात.

माझगावकरांचं वाचून माझा कल स्नॉर्केलकडे झुकलाय. तरी निळा_शाईवाला यांचा यू-१९५ चा मुद्दा डोक्यातून जात नाही. अवशेष सापडेपर्यंत यावर मत देता येईल, निकाल नाही. बिस्केच्या तळाशी कुणी शोधलंय का नीट?

माझगावकर

खर्च कोण करणार? तिलावाची गोष्ट वेगळी, तिच्यात साठ टन चांदी होती, म्हणून २०१७ मध्ये एका कंपनीने अडीच किलोमीटर खोलीवर जाऊन ती उपसली आणि मग मालकी कुणाची यावर लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला. यू-१८० मध्ये परत जाताना सोनं नव्हतं, ते तिने आधीच पोचवलं होतं.

भगवा_वादळ

चांदीसाठी अडीच किलोमीटर, माणसांसाठी कुणी नाही. इथे मी दर्यावर्दींशी सहमत, लिहून ठेवा.

टवाळभाऊ

स्क्रीनशॉट घेतला.

हाम्बुर्गची_मावशी

मी कीलपासून दीड तासावर राहते, त्यामुळे थोडी भर घालते. खाडीच्या पूर्व काठावर म्योल्टेनॉर्ट नावाचं गाव आहे. तिथे पाणबुड्यांवर गेलेल्यांचं स्मारक: उंच खांब, वर गरुड, आणि खाली भिंतीला लागून कांस्याचे पट्टे, त्यावर बोटींच्या क्रमाने नावं. दुसऱ्या महायुद्धातली तीसेक हजार. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या चार माणसांतली तीन परतली नाहीत, हे आकडा म्हणून वाचलेलं होतं, पट्टे चालत बघायला लागलं की पाय दुखतात तेव्हा कळतं. यू-१८० तिथे आहे. वय बघत गेले तर बरेचसे विशी-पंचविशीतले. माझ्याबरोबर एक जर्मन मैत्रीण होती, तिला सांगितलं की याच बोटीतून आमचे एक पुढारी गेले. ती म्हणाली, कोण? मग मी अर्धा तास बोलत बसले.

तिला विशेष कौतुक वाटलं नाही, हेही सांगते. तिच्या आजोबांची पिढी तिच्या घरात अभिमानाने सांगायचा विषय नाही. तुम्ही हिटलरकडे मदत मागायला गेलात, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. मी तिला तिलावाचं नाही सांगितलं, मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. आता सांगेन आणि वेंगुर्ल्याच्या आगवाल्याचंही.

दर्यावर्दी_वेंगुर्ला

मावशी, सांगा जरूर. तिच्या आणि माझ्या आजोबांची एकमेकांशी भेट झाली नाही हे बरंच झालं.

प्रसन्ना_सातारकर

पुढच्या उन्हाळ्यात कामानिमित्त हाम्बुर्गला येतोय. एका दिवसात कील, हे स्मारक आणि एखादी खरी पाणबुडी असं सगळं होईल का?

हाम्बुर्गची_मावशी

होईल. सकाळच्या गाडीने कीलला या. स्टेशनजवळूनच खाडीतली फेरी मिळते, ती म्योल्टेनॉर्टला थांबते आणि पुढे लाबोला जाते. लाबोच्या वाळूवर यू-९९५ ठेवली आहे, आतून बघता येते, पण ती यू-१८० पेक्षा बरीच लहान, तेव्हा अंदाज बांधताना तेवढी वाढवून घ्या. फेरीचं वेळापत्रक हिवाळा-उन्हाळ्याला बदलतं, आधी बघून ठेवा. पाठीवरची सॅक बाहेरच ठेवा, गोल दरवाज्यातून वाकून जाताना ती अडकते आणि मागे शाळेची सहल खोळंबते.

खादाडखाऊ

आणि लाबोला खायला काय मिळतं?